हळदीच्या पुढचा रंग

ईरा आणि ओंकार,

गेल्या आठवड्यात तुम्ही मला फोनवर ओंकारचं शाळेच्या नाटकातलं जॅकेट दाखवलंत. खोलीतला दिवा मालवलात, आणि त्याच्या पाठीवरचे बारीक दिवे निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे झाले. पिवळ्यावर ते जरा थांबले. मी "छान आहे" म्हटलं आणि गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. "आजी, तुला आवडलं नाही का?" असं ईराने नंतर विचारलं, त्याचं हे उत्तर आहे. लांबलचक आहे. एका बैठकीत संपलं नाही तर दोन बैठकींत वाचा.

असे दिवे पाठीवर शिवलेला माणूस मी याआधी एकदाच पाहिला होता. त्यांचं नाव अंबादास. आमच्याच गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं घर. सगळं मुरुम गाव त्यांना अण्णा म्हणायचं.

अण्णांची एक सवय आधी सांगते, कारण ती शेवटी पुन्हा येणार आहे. कुणाच्याही घरी गेले आणि दिवसा दिवा चालू दिसला, की चपला काढायच्या आधी त्यांचा हात बटणाकडे जायचा. "सूर्व्याला बॅटरी दावायलाव व्हय, बाई?" असं म्हणत दिवा बंद करायचे आणि मगच बसायचे. एकदा भर दुपारच्या लग्नात मांडवभर दिव्यांच्या माळा लागलेल्या पाहून त्यांना राहवलं नाही. गुपचूप मागे जाऊन त्यांनी खटका ओढला. त्याच खटक्यावर भटजींचा माइक होता. मंगलाष्टकं मधेच तुटली, मुलीचा मामा ओरडत धावला, आणि अण्णा मांडवाच्या मागून शांतपणे म्हणाले, "आता नवरी दिसायली का न्हाय नीट?"

ते उमरग्याच्या डेपोत एसटीच्या गाड्यांचं वायरिंग बघायचे. ती त्यांची नोकरी. पण ते होते भुत्या. तुम्हाला हा शब्द ठाऊक नसेल. भुत्या म्हणजे भवानीचा सेवेकरी. घोट्यापर्यंत येणारा झगा, गळ्यात कवड्यांच्या माळा, एका हातात पोत, म्हणजे चिंध्यांचा तेलात भिजवलेला पेटता पीळ, आणि दुसऱ्या हातात परडी. मंगळवारी, शुक्रवारी तो दारात उभा राहिला की बाया परडीत मूठभर पीठ घालतात, पोताला तेल पाजतात आणि उरलेलं तेल त्याच्या झग्यावर ओततात. तो झगा कधी धुवायचा नसतो. अण्णांच्या झग्यात त्यांच्या आज्याच्या काळापासूनचं तेल होतं. उन्हात तो चामड्यासारखा चमकायचा, आणि वास असा की देवीच्या कामाला जाताना ते एसटीत बसले तर शेजारची जागा रिकामी व्हायची. त्याला ते "माझं रिझर्वेशन" म्हणायचे.

"एकदा तरी पाण्यातून काढू द्या की," त्यांची बायको सरूबाई म्हणायची. "गल्लीतली कुत्री माझ्या मागं हिंडायलीत."

"पाण्यातून काढला की त्याचा सदरा होतो," अण्णा म्हणायचे. "सदरे हायत मला."

तेलाबाबत त्यांचा एक नियम होता. कुणीही कितीही तेल ओतलं तरी भुत्याने पुरे म्हणायचं नाही. एका म्हातारीच्या हातून सबंध तांब्या त्यांच्या डोक्यावर उपडा झालेला मी पाहिला आहे. तेल डोळ्यांत उतरलं. अण्णा डोळे मिटून तसेच उभे राहिले, म्हातारीचं बोलणं संपेपर्यंत. मग आमच्या ओसरीवर येऊन म्हणाले, "बाई, तेवढं फडकं द्या. आईनं आज आंघोळच घातली."

आता मुख्य गोष्ट. नवरात्राच्या आधी देवी झोपलेली असते. तुळजापूरला असते तशी आमच्या गल्लीतल्या लहानशा देवळातही असते, आणि आमच्याकडे तिला नवरात्राच्या पहिल्या दिवशी दिवेलागणीला उठवायची रीत होती. देवळातले सगळे दिवे मालवायचे. भुत्या देवीकडे तोंड करून उभा राहायचा, दोन्ही हातांत पोत आणि परडी. त्याच्या मागे गल्लीतल्या बाया. तो एक ओळ म्हणायचा, थांबायचा, आणि मग बाया कडवं उचलायच्या. आधी हळदीचं कडवं, मग कुंकवाचं, मग चुड्याचं, आणि शेवटी पोताचं. त्यानंतर "उदो उदो" होऊन पडदा सरकायचा. ही कडवी आमच्या बायांना पाठ होती. कधी उचलायची हे मात्र फक्त अण्णांना ठाऊक होतं.

त्यांचा आवाज गोड नव्हता. ज्वारीच्या पोत्यावरून हात फिरवावा तसा खरखरीत होता. पण ते थांबायचे कसे, ते ऐकायला मी सोवळ्या-ओवळ्यावर विश्वास नसताना दरवर्षी जात होते. एका वर्षी हळदीच्या कडव्यानंतर ते इतका वेळ गप्प राहिले की देवळाच्या पंचांपैकी एक जण खोकला, दुसऱ्याने "अण्णा" अशी हाक मारली. अण्णा हलले नाहीत. मग एकदम कुंकवाची ओळ अशी उठली की माझ्या हातावर काटा आला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "विसरला होतात का हो?"

"आई कूस बदलायली होती, बाई. मधीच कसं बोलावं?"

ते गाणं त्या एका संध्याकाळीच म्हणायचं. एरवी गुणगुणायचंसुद्धा नाही, आणि मोबाइलवर घ्यायचं तर नाहीच. "निजलेल्या आईला उगं हाक मारू न्हाय," एवढंच कारण. त्यांच्या मुलाला, महेशला, त्यांनी शिकवलं म्हणजे वर्षातून एकदा शेजारी उभं केलं. तो पुण्याला कंपनीत लागला, नवरात्रात सुटी मिळेना, आणि शिक्षण तिथेच संपलं. शब्द त्याला येतात. "शब्द सगळ्यांलाच येत्यात," अण्णा म्हणायचे.

निवृत्तीनंतर काही दिवसांनी त्यांचा घसा बसला. आधी ते हसले, मग काढे झाले, मग सोलापूर झालं. घशात गाठ होती आणि ती साधी नव्हती. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितल्यावर अण्णांनी एकच विचारलं, "दसऱ्यापतोर पुरंल का?" डॉक्टरांना वाटलं ते आयुष्याचं विचारत आहेत. ते म्हणाले, ऑपरेशन केलं तर दसरेच दसरे बघाल. अण्णांनी सही केली. आवाज ठेवून ऑपरेशन होत नसतं, हे त्यांना नीट कळलं तेव्हा गळ्याला भोक पडलेलं होतं.

घरी आले ते गळ्यावर पांढरं फडकं बांधून. श्वास त्या भोकातून चालायचा. ओठ हलायचे, आवाज नाही. ते ओठ एकट्या सरूबाईला वाचता यायचे, आणि ती ते आम्हाला सांगायची, स्वतःची भर घालून.

"हे म्हणत्यात, बाई आल्या, चा टाक." मग माझ्याकडे वळून, "चा मीच टाकनार हाय, हे ह्यांनी सांगाय पायजे व्हय? गळा गेला, हुकूम न्हाय गेला."

अण्णा तळहाताने फरशी बडवायचे. ती त्यांची हरकत.

"आता म्हणत्यात, 'हे बाईला सांगू नगं.' सांगितलं बगा."

असे हसण्याचे दिवस थोडे होते. नवरात्र जवळ येत होतं आणि पंच मंडळी दोनदा येऊन गेली होती. त्यांचं म्हणणं गोड भाषेतलंच होतं. अण्णांनी आराम करावा, त्या दिवशी स्पीकरवर देवीची गाणी लावू, अण्णांचा मान अण्णांनाच राहील. ती गेल्यावर अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले. सरूबाई म्हणाली, "म्या बी म्हनलं, लावू द्या की गानी. तर म्हणत्यात, 'रेडिओला कळतं व्हय, आई जागी झाली का न्हाय?'"

त्याच सुमारास गल्लीतून एक वरात गेली. बँडच्या पुढे नाचणाऱ्या पोरांच्या अंगात दिव्यांचे कपडे होते, सूर बदलला की रंग बदलायचे. मी गच्चीतून पाहत होते. सगळे नवरदेवाकडे पाहत होते, आणि अण्णा खाली दारात उभे राहून एका नाचणाऱ्याच्या पाठीकडे. दुसऱ्या दिवशी ते सरूबाईला घेऊन माझ्याकडे आले. हातात दिव्यांच्या पट्टीचं वेटोळं होतं.

त्यांची कल्पना साधी होती. झगा पिवळा झाला की बायांनी हळदीचं कडवं उचलायचं. लाल झाला की कुंकवाचं. हिरव्यावर चुडा, केशरी ज्वाळेवर पोत. मधे पांढरा, म्हणजे थांबायचं. मी शाळेत शिकवलेली, शिस्तीची बाई. मी म्हटलं, "अण्णा, एवढी यातायात कशाला? हाताने खूण करा."

ते उठले. माझ्याकडे पाठ केली, एक हात पोत धरल्यासारखा वर, दुसरा परडी धरल्यासारखा पुढे, आणि उभे राहिले. मी पाहत राहिले. ते वळले नाहीत. मला कळलं. हात गुंतलेले, तोंड देवीकडे, आणि ती उठेपर्यंत तिच्याकडे पाठ करायची नाही. बायांना दिसते ती फक्त पाठ.

"हे म्हणत्यात," सरूबाई हळूच म्हणाली, "आता पाठीतूनच आवाज काढायचा."

महेशने पुण्याहून त्याचा जुना लॅपटॉप आणि एक नखाएवढी पट्टी, म्हणजे दिव्यांना हुकूम देणारा चिमुकला संगणक, पाठवली. फोनवर म्हणाला, "अण्णा, लोक रोबोट म्हणतील तुम्हाला." त्या पट्टीत आपण लिहिलेल्या सूचना साठतात. मग ती एका वायरीतून पहिल्या दिव्याला रंग सांगते, पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. ती वायर तुटली तर दिवे विझत नाहीत, शेवटचा ऐकलेला रंग धरून बसतात. ओंकारला हे ठाऊक असेल. आम्हाला वाचून वाचून कळलं. सूचना इंग्रजीत, समजावून सांगणारे लेख इंग्रजीत, म्हणून माझी गरज. रोज दुपारी मी वाचायचे, मराठीत सांगायचे, अण्णा एका बोटाने लिहायचे. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम लागतो आणि तो ते हमखास विसरायचे. मी जन्मभर मुलांच्या वह्यांत चुकलेले अर्धविराम शोधत आले. तिथेही तेच काम लागलं. मी बोट ठेवलं की ते कपाळावर हात मारायचे.

"हे म्हणत्यात, एसटी इतकी नाजूक असती तर एक गाडी डेपोभाईर पडली नसती."

प्रत्येक रंग तीन आकड्यांचा, लाल किती, हिरवा किती, निळा किती. कुंकू एका दिवसात जमलं. हळद जमेना. आकडे लेखात दिलेले घातले की लिंबासारखा हिरवट पिवळा यायचा. अण्णांनी सरूबाईचा हळदीचा डबा घेतला, स्वयंपाकघराच्या फडताळात दिवा आणि हळद शेजारी ठेवली आणि डोकं आत घालून बसले. हिरवा थोडा कमी करायचा, बघायचं, पुन्हा कमी करायचा. हळद बोटांना, लॅपटॉपला, गळ्यावरच्या फडक्याला. शेवटी फडताळातून डोकं काढून ते हसले तेव्हा सरूबाई म्हणाली, "लग्नात बी एवढी लागली नव्हती ह्यांस्नी."

हळद जमली त्या दिवशी मला खरोखर वाटलं, हे होणार.

मग थांबण्याची वेळ आली. किती वेळ थांबायचं तो आकडा सूचनांत लिहावा लागतो. मी घड्याळ घेऊन बसले. "तुम्ही मनातल्या मनात थांबा, संपलं की बोट वर करा." त्यांनी डोळे मिटले, हात छातीवर ठेवला. भोकातून श्वास ऐकू येत होता. बोट वर झालं, मी आकडा लिहिला. खात्रीसाठी पुन्हा केलं, तो आकडा वेगळा. पुन्हा, आणखी वेगळा. मी जरा वैतागून म्हटलं, "अण्णा, यंत्राला एकच आकडा लागतो हो. नक्की कोणता?"

ते बराच वेळ ओठ हलवत राहिले. सरूबाईने सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "म्हणत्यात, ती दर सालाला येगळी उठती. आता आकडा घाला म्हनल्यावर घाला कुठला बी."

आम्ही मधला आकडा घातला. त्या दिवशी ते चहा न घेता गेले.

जुन्या झग्यावर काही चिकटत नव्हतं. त्यांनी त्याच मापाचा नवा झगा शिवून घेतला आणि पाठीवर कवड्यांच्या ओळी लावल्या. प्रत्येक कवडीच्या मागे एक दिवा. तारा त्यांनी स्वतः कथलाचा डाग देऊन जोडल्या आणि हलू नयेत म्हणून गोंदाच्या बंदुकीने गरम गोंद सोडून पक्क्या केल्या. ती नखाएवढी पट्टी आणि बॅटरी मानेखाली, एका लहान पिशवीत. परतीचा पाऊस असतो म्हणून पिशवी प्लॅस्टिकची केली. झगा दोरीवर टांगून वरून तांब्याभर पाणी शिंपडून पाहिलं. दिवे पेटतच राहिले. अण्णांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

तालीम त्यांच्या मधल्या खोलीत झाली, दारं-खिडक्या लावून. गाणं वेळेआधी म्हणायचं नाही हा नियम होताच. म्हणून ती तालीम मुक्याने झाली. अण्णा पाठ करून उभे. मागे गल्लीतल्या बाया दाटीवाटीने. झगा पांढरा झाला, मग पिवळा, आणि सगळ्या बायांचे ओठ एकदम हलायला लागले. आवाज नाही. लाल झाला, ओठ बदलले. हिरव्यावर एका सूनबाईचं चुकलं, तिला शेजारणीने कोपर मारलं आणि दोघी तोंड दाबून हसल्या. केशरी ज्वाळ कवड्यांच्या फटींतून खालून वर चढली. शेवटी सगळ्या जणी हात वर करून आवाज न करता "उदो" म्हणाल्या. अण्णा वळले. घामाने डबडबले होते. त्या अंधारात सगळ्यांचीच बोलण्याची रीत त्यांच्यासारखी झाली होती.

पहिल्या दिवशी देवळात गर्दी मावत नव्हती. भुत्या मरणाच्या दारातून परत आला ही बातमी आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर गेली होती. दिव्यांच्या झग्याची तर गेलीच होती. अण्णा पायरीवर उभे राहिले, एका हातात पोत, दुसऱ्यात परडी. आणि रीतीप्रमाणे बाया तेल घेऊन पुढे आल्या.

दरवर्षी पळीभर तेल असायचं. त्या वर्षी बाया भरलेले तांबे घेऊन आल्या होत्या. कुणी अण्णांच्या जिवासाठी नवस बोलली होती, कुणी आपल्याच घरातल्या दुखण्यासाठी. एकेकीने पोताला पाजलं आणि उरलेलं मानेवर, खांद्यावर ओतलं. "अण्णा, जगलाव बाबा," म्हणत ओतलं. नवा कोरडा झगा ते पीत गेला. अण्णा डोळे मिटून उभे होते. मी खांबापाशी होते, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही सगळ्यांनी पाण्याचा विचार केला होता. तेलही पाण्यासारखं झग्यावर बाहेरून पडतं, असं अण्णांच्या मनात कधी आलंच नसावं. त्यांच्या लेखी झगा म्हणजेच तेल होतं.

शेवटी सरूबाई आली. तिने नवस बोललेला होता हे मला तेव्हाच कळलं. तिने सबंध चरवी दोन्ही हातांनी उचलली आणि त्यांच्या मानेवर, गळ्यावरचं फडकं जपत, मागच्या बाजूने सावकाश रिती केली.

दिवे मालवले. अण्णा देवीकडे वळले. झगा पांढरा उजळला आणि गर्दीतून "अगं बाई" असा श्वास निघाला. पांढरा थांबला, आम्ही घातलेल्या आकड्याइतका. मग पिवळा झाला. खरी हळद होती ती. बायांनी कडवं उचललं, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, माझे डोळे भरून आले.

कडवं संपलं. झगा पिवळाच होता.

बाया थांबल्या. अण्णांच्या थांबण्याची सगळ्यांना सवय होती, म्हणून कुणी हललं नाही. पिवळाच. मग पुढच्या रांगेतल्या एकीला वाटलं आपलंच काही चुकलं, आणि तिने हळदीचं कडवं पुन्हा उचललं. बाकीच्यांनी तिला साथ दिली. संपलं. पिवळाच. पुन्हा म्हटलं. तेलाने गोंद सुटला होता आणि मानेजवळची ती एक तार निसटली होती. आत ती नखाएवढी पट्टी लाल सांगत असेल, हिरवा सांगत असेल. ऐकायला कुणी नव्हतं.

अण्णांना स्वतःची पाठ दिसत नव्हती. त्यांना कळलं ते बायांच्या गाण्यावरून. तिसऱ्यांदा हळद सुरू झाली तेव्हा त्यांचे खांदे आखडलेले मी पाहिले. ते वळू शकत होते. एक पाऊल मागे आले असते तर कुणीही पाहिलं असतं, तार शोधली असती. पण देवी उठलेली नव्हती. त्यांनी पोत उंच धरला, आणखी उंच, जणू त्याने काही होईल. मागे बाया हळदच म्हणत राहिल्या, आवाज बारीक बारीक होत गेला, एकेक जण गळत गेली, आणि शेवटी दोनच म्हाताऱ्या राहिल्या.

मग पंचांपैकी कुणीतरी ट्यूबलाइट लावली. स्पीकर सुरू झाला. पडदा सरकवला. त्या उजेडात झग्याचा पिवळा कुठे आहे हेसुद्धा दिसेना. लोकांनी "उदो उदो" केलं, प्रसादाला रांग लागली. जो तो अण्णांच्या खांद्यावर थाप मारून जात होता. "काय लायटिंग केलाव, अण्णा! एक नंबर!" दोघांनी तर लग्नासाठी झगा भाड्याने मिळेल का म्हणून विचारलं. अण्णा पोत विझवून पायरीवर बसले होते. सरूबाई त्यांच्या ओठांकडे पाहत होती, पण ते ओठ हलत नव्हते. रिकामी चरवी तिच्या हातातच होती.

मी नंतर जे सांगायचं ते सगळं सांगितलं. दुसरा गोंद मिळतो, तार आतून शिवता येते, पुढच्या वर्षी पुन्हा करू. त्यांनी ऐकून घेतलं. सरूबाई म्हणाली, "म्हणत्यात, बाईचं खरं हाय." मग खालच्या आवाजात, "पर म्हणत्यात, ती उठलीच न्हाय. निजलेली असतानाच नवरात्र झालं."

पंचांनी पुढच्या वर्षीचा स्पीकर तेव्हाच ठरवून टाकला. दिवाळीनंतर अण्णांचं दुखणं परत आलं, आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी या वेळी दसऱ्याचं नाव काढलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माघातल्या एका दुपारी. शिरा घेऊन गेले होते, तो ते खाऊ शकणार नाहीत हे ठाऊक असून. अंगण उन्हाने भरलं होतं. अण्णा भिंतीला टेकून बाजेवर बसले होते, अंग अगदी वाळलेलं. समोर दोरीवर तो झगा टांगला होता, पाठ आमच्याकडे करून, आणि त्याला वायर लावलेली होती. त्यांनी तो दुरुस्त केला होता. कधी केला, कुणाला ठाऊक नाही. एवढ्या उन्हात कवड्यांच्या फटींतून काहीतरी उजळतंय एवढंच कळत होतं, रंग दिसत नव्हता.

त्यांचीच सवय म्हणून माझा हात बटणाकडे गेला. "सूर्याला बॅटरी दाखवताय का, अण्णा?" असं मी म्हणणारही होते. त्यांनी माझं मनगट धरलं. जोर काहीच नव्हता, पण मी हात मागे घेतला.

सरूबाई पलीकडे पाठमोरी बसून ज्वारी पाखडत होती. सुपाचा आवाज एका लयीत चालू होता. अण्णांनी डोळे झग्यावर लावले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. वेळेआधी म्हणायचं नाही हा नियम त्यांनी मोडला नव्हता. त्यांच्या लेखी देवी अजून झोपलेलीच होती, आणि तिला उठवायची ती संध्याकाळ अजून संपलेली नव्हती. मला ओठ वाचता येत नाहीत. हळद चालली होती की कुंकू, की त्याच्याही पुढचं, मला कळेना. सरूबाईला हाक मारावी असं वाटलं. पण तिने वर पाहिलं नाही आणि मी हाक मारली नाही.

मग ओठ थांबले.

मी झग्याकडे पाहिलं, निदान रंगावरून कळेल म्हणून. त्याच्यावर ऊन पडलं होतं. ती थांबायची जागा होती की गाणं संपलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.